चाळीसगाव जंक्शन रेल्वे स्थानक

चाळीसगाव जंक्शन हे महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव या तालुक्याच्या शहरातील रेल्वे स्थानक आहे. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातील हे स्थानक मुंबई–भुसावळ या मुख्य मार्गावर मनमाड आणि जळगाव यांच्या दरम्यान आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते रेल्वेमार्गाने सुमारे ३२८ किलोमीटर अंतरावर आहे. येथून उत्तरेकडे धुळ्याला जाणारा सुमारे ५६ किलोमीटर लांबीचा शाखामार्ग फुटतो, त्यामुळे स्थानकाला जंक्शनचा दर्जा आहे. मुंबईकडून येणाऱ्या प्रवाशास खान्देशात शिरल्यावर लागणारे हे पहिले मोठे स्थानक होय.

आकाराने मध्यम असलेल्या या स्थानकाशी महाराष्ट्राच्या सामाजिक आणि सांस्कृतिक इतिहासातील काही महत्त्वाचे प्रसंग निगडित आहेत. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना टांग्याचा जो अपघात झाला, त्याची सुरुवात याच स्थानकाच्या आवारात झाली. छायाचित्रकार केकी मूस यांच्या जीवनकथेत या स्थानकावरून जाणाऱ्या पंजाब मेलला मध्यवर्ती स्थान आहे. पाटणादेवी, पितळखोरे आणि वाघळी या प्राचीन स्थळांना जाण्यासाठीही हेच स्थानक सोयीचे पडते.

== भौगोलिक स्थान ==

चाळीसगाव शहर सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, गिरणा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. डोंगरी आणि तितूर या नद्या शहरातून वाहतात. एरवी क्षीण असणाऱ्या या नद्या डोंगरात अतिवृष्टी झाल्यास अल्पावधीत दुथडी भरतात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी आलेल्या पुराने शहराचा नदीकाठचा भाग आणि तालुक्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली होती.

शहराच्या दक्षिणेला कन्नडचा घाट आहे. इंग्रज अधिकारी औट्रम याच्या नावावरून त्याला औट्रम घाट असेही म्हणतात. मराठवाड्यातून खान्देशात उतरणारा सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग याच घाटातून चाळीसगावला येतो. दख्खनच्या पठारावरून येणारी वाट आणि तापी-गिरणेच्या सपाट प्रदेशातून जाणारी वाट येथे मिळत असल्यामुळे रेल्वे येण्यापूर्वीही हे गाव वाहतुकीच्या दृष्टीने मोक्याचे होते. चाळीस गावांचे मुख्य ठिकाण म्हणून चाळीसगाव, अशी नावाची लोकप्रचलित उपपत्ती सांगितली जाते.

मुख्य मार्गावर मुंबईच्या बाजूला हिरापूर, तर भुसावळच्या बाजूला वाघळी ही लगतची स्थानके आहेत.

== इतिहास ==

=== मुख्य मार्गाची बांधणी ===

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जी.आय.पी.) या कंपनीने १८५३ साली मुंबई–ठाणे मार्ग सुरू केल्यानंतर कल्याणहून ईशान्येकडे जाणारी शाखा हाती घेतली. या शाखेच्या आड सह्याद्रीचा थळ घाट येत होता. घाटातील बोगदे, पूल आणि भराव यांचे काम रेंगाळणार हे उघड असल्याने कंपनीने घाटाच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी काम चालविले. त्यामुळे इगतपुरीपासून नाशिकमार्गे चाळीसगावपर्यंतचा लोहमार्ग १८६१ साली वाहतुकीस खुला झाला आणि १८६३ साली तो भुसावळपर्यंत पोहोचला, मात्र कसारा–इगतपुरी हा घाटाचा तुकडा १ जानेवारी १८६५ रोजी पूर्ण झाला. म्हणजे खान्देशात आगगाडी धावू लागल्यानंतरही तीन वर्षांहून अधिक काळ ती मुंबईशी रुळांनी जोडलेली नव्हती. प्रवासी आणि माल यांना घाट रस्त्यानेच पार करावा लागे.

या घाईमागे मुख्यतः कापूस होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला आणि पश्चिम भारतातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. खान्देश व वऱ्हाड हे कापसाचे प्रदेश असल्यामुळे त्यांना बंदराशी जोडणारा मार्ग व्यापाऱ्यांच्या दृष्टीने कळीचा ठरला. बैलगाड्या आणि तांड्यांच्या बैलांवरून दिवसचे दिवस चालणारी वाहतूक रुळांवर गेल्यावर स्थानकांभोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, वखारी, अडती आणि पेठा उभ्या राहिल्या. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव आणि भुसावळ या चारही गावांची आधुनिक वाढ या मार्गामुळे झाली. त्यांपैकी भुसावळ हे तर प्रामुख्याने रेल्वेनेच घडविलेले शहर होय.

१९२५ साली जी.आय.पी. रेल्वेचा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेची स्थापना झाली आणि चाळीसगाव स्थानक तिच्याकडे आले. मुख्य मार्गाच्या इगतपुरी–भुसावळ भागाचे विद्युतीकरण १९६०च्या दशकाच्या अखेरीस झाले.

=== धुळे शाखा ===

इंग्रजी अमलाच्या आरंभापासून खान्देश जिल्ह्याचे मुख्य ठिकाण धुळे हे होते. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने तेथे नवी पेठ आखून व्यापारी वसविले होते. मुंबई–आग्रा रस्ताही धुळ्यावरून जात होता. तरीही मुख्य लोहमार्ग धुळ्याला न शिवता गिरणेच्या खोऱ्यातून पूर्वेकडे गेला, कारण कंपनीचे लक्ष्य वऱ्हाड, नागपूर आणि जबलपूर हे होते. परिणामी १८६१ ते १९०० अशी सुमारे चार दशके जिल्ह्याची कचेरी एका ठिकाणी आणि आगगाडी दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती राहिली. धुळ्याला जाणारा अधिकारी, वकील, पक्षकार किंवा व्यापारी चाळीसगावला उतरून पुढचा प्रवास टपाल-टांग्याने वा बैलगाडीने करी.

ही गैरसोय चाळीसगाव–धुळे या ब्रॉडगेज शाखेने दूर झाली. ही शाखा १९०० साली सुरू झाली. त्याच सुमारास सुरतेकडून नंदुरबार, नरडाणा व अमळनेरमार्गे जळगावला येणारा तापी खोऱ्याचा मार्गही पूर्ण झाला. मात्र तो धुळ्याच्या उत्तरेकडून गेला, त्यामुळे धुळे दोन मुख्य मार्गांच्या मध्ये एका शाखेच्या टोकाला राहिले. १९०६ साली खान्देशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यात चाळीसगाव पूर्व खान्देशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात आले, तर धुळे पश्चिम खान्देशाचे मुख्य ठिकाण राहिले. तेव्हापासून एका जिल्ह्याच्या मुख्यालयाचे रेल्वेद्वार दुसऱ्या जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी आहे.

शाखेवर भोरस बुद्रुक, जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर आणि मोहाडी प्रगणे लळिंग ही स्थानके आहेत. यांतील मोरदड तांडा या नावात बंजारा वस्तीची, तर मोहाडीच्या नावात लळिंग परगण्याची आठवण टिकून आहे. लळिंगचा किल्ला हे फारुकी राजवटीचे आरंभीचे ठाणे होते. आज महसुली परगणा अस्तित्वात नसला तरी रेल्वेच्या वेळापत्रकात तो कायम आहे.

धुळ्यात वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाले आणि त्यांच्या संग्रहासाठी पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते ज्या समर्थ वाग्देवता मंदिरात जमविली, तेही धुळ्यातच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि सहबंदी साने गुरुजींनी ती लिहून घेतली. मुंबई-पुण्याच्या अभ्यासकांना आणि कार्यकर्त्यांना या संस्थांपर्यंत पोहोचण्याचा रेल्वेचा रस्ता चाळीसगावहूनच होता.

पुढे बराच काळ धुळ्यासाठीचे थेट डबे मुख्य मार्गावरील लांब पल्ल्याच्या गाड्यांना जोडले जात आणि चाळीसगावला ते काढून शाखेच्या गाडीला लावले जात. रात्री-अपरात्री डबे बदलण्याची ही कवायत धुळेकर प्रवाशांच्या अंगवळणी पडली होती.

== १९२९ची घटना ==

मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. ती स्टार्ट समिती या नावाने ओळखली जाते. डॉ. भीमराव आंबेडकर हे समितीचे सदस्य होते. त्या वेळी ते बॅरिस्टर आणि मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य होते. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन दोन वर्षे उलटली होती. समितीने प्रांताचे निरनिराळे भाग सदस्यांना वाटून दिले होते आणि आंबेडकरांकडे खान्देशचे दोन जिल्हे आले होते.

ऑक्टोबर १९२९ मध्ये हे काम आटोपून ते मुंबईला परतणार होते. वाटेत धुळे शाखेवरील एका गावी सवर्णांनी अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार घातल्याचे प्रकरण होते. त्याची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. स्थानकावर चाळीसगावचे अस्पृश्य बांधव त्यांना भेटले आणि त्यांनी एक रात्र मुक्काम करण्याचा आग्रह धरला. आंबेडकरांनी तो मान्य केला. ते धुळ्याच्या गाडीने त्या गावी गेले, चौकशी केली आणि परतीच्या गाडीने चाळीसगावला आले. चरित्रकारांनी या प्रसंगाची तारीख २३ ऑक्टोबर १९२९ अशी दिली आहे.

स्थानकावर त्यांना हार घालण्यात आले. महारवाडा तेथून सुमारे दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे होता. भाड्याचे टांगे स्थानकाबाहेर पुष्कळ उभे होते. तरी जवळजवळ तासभर कोणीच निघण्याचे नाव घेईना आणि आपल्याला का थांबवून ठेवले आहे, हे आंबेडकरांना कळेना. अखेर एक टांगा फलाटाजवळ आणण्यात आला. त्यात ते आणि हाकणारा असे दोघेच बसले आणि बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी निघाली. थोड्याच अंतरावर टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. रोज भाडे करणारा माणूस इतका नवखा कसा, याचे आंबेडकरांना आश्चर्य वाटले. पुढे नदीवरील पूल आला. या पुलाला कठडे नव्हते, कडेला ठरावीक अंतरावर दगड तेवढे बसविलेले होते. टांग्याचे चाक अशाच एका दगडाला अडले, घोडा बुजला आणि आंबेडकर पुलाच्या फरसबंदीवर फेकले गेले. घोडा व टांगा नदीत कोसळले. आंबेडकर बेशुद्ध झाले. त्यांच्या पायाचे हाड मोडले, इतरही दुखापती झाल्या आणि काही दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही.

खरा प्रकार त्यांना नंतर समजला. स्थानकावरील एकही टांगेवाला अस्पृश्य प्रवाशाला घेऊन गाडी हाकण्यास तयार नव्हता. तसे करणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. पाहुण्याला पायी नेणे महारवाड्यातील लोकांना प्रशस्त वाटेना. शेवटी तोड निघाली ती अशी की, टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यावा, पण हाकू नये. मग त्या लोकांनी आपल्यापैकीच एकाला हाकण्यास बसविले. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पाहुण्याचा मान राखण्याच्या धडपडीत त्याच्या जिवाचा विचार मागे पडला, असे आंबेडकरांनी याबद्दल लिहिले आहे. हलके काम करणारा टांगेवालासुद्धा स्वतःला बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा श्रेष्ठ समजतो, असा निष्कर्षही त्यांनी यावरून काढला.

हा प्रसंग आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात सांगितला आहे. १९३५-३६च्या सुमारास लिहिलेले हे छोटेखानी इंग्रजी लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकारूपाने प्रकाशित केले आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतही त्याचा समावेश झाला. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासासाठी वापरले जाते.

याच लेखनात आरंभी १९०१ सालचा मसूर स्थानकावरचा प्रसंग आहे. वडिलांना भेटायला निघालेली आंबेडकर भावंडे सातारा जिल्ह्यातील मसूरला उतरली, तेव्हा त्यांची जात कळताच कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. चाळीसगावची तोड हीच होती. मधल्या २८ वर्षांत तो मुलगा मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकून आला, मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागला आणि सरकारी समितीचा सदस्य म्हणून दौऱ्यावर आला. वाहन मिळेल पण हाकणारा मिळणार नाही, ही अट मात्र तशीच राहिली होती. दोन्ही प्रसंगांत आगगाडीचा प्रवास सुरळीत झाला आहे. तिकीट खिडकीवर पैसे देणाऱ्याला डब्यात जागा मिळत होती. गावाची रीत सुरू होत होती ती स्थानकाबाहेर, जिथे कंपनीचे नियम संपत आणि भाड्याच्या वाहनांचा अड्डा लागे. रेल्वेमुळे भारतातील जातिभेद आपोआप विरघळेल, अशी अपेक्षा एकोणिसाव्या शतकातील अनेक लेखकांनी व्यक्त केली होती. तिची मर्यादा दाखविणारे उदाहरण म्हणून या दोन स्थानकांकडे पाहता येते.

== केकी मूस आणि पंजाब मेल ==

छायाचित्रकार व चित्रकार कैखुश्रू माणेकजी मूस, अर्थात केकी मूस (२ ऑक्टोबर १९१२ – ३१ डिसेंबर १९८९) यांचे वास्तव्य चाळीसगावात होते. मुंबईत एका पारशी कुटुंबात जन्मलेल्या मूस यांनी मुंबईतील शिक्षणानंतर इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेतले. काही देशांचा प्रवास करून १९३०च्या दशकाच्या अखेरीस ते चाळीसगावला आले. त्यानंतर सुमारे पाच दशके त्यांनी स्थानकापासून जवळच असलेल्या आपल्या दगडी बंगल्यातच काढली. या काळात ते अगदी मोजक्या वेळा घराबाहेर पडले.

या स्वेच्छा-एकांतवासाचे कारण म्हणून एक कथा सर्वत्र सांगितली जाते. मुंबई सोडताना त्यांच्या प्रेयसीने आपण पंजाब मेलने चाळीसगावला येऊ आणि त्या रात्री एकत्र जेवू, असे वचन दिले होते. ती आली नाही. मूस मात्र रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला बंगल्याची दारे-खिडक्या उघडत, दिवे लावत, टेबलावर दोघांसाठी ताटे मांडत आणि गाडी निघून गेल्यावरच स्वतः जेवत, असे सांगतात. या कथेतील कोणता तपशील नंतर जोडला गेला, हे आता वेगळे काढणे अवघड आहे. पण चाळीसगावात ती दंतकथा म्हणून नव्हे, तर शेजारच्या माणसाची हकीकत म्हणून सांगितली जाते.

पंजाब मेल ही भारतातील सर्वांत जुन्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी एक असून ती १९१२ साली, म्हणजे मूस यांच्या जन्मवर्षीच, सुरू झाली असे मानले जाते. आरंभी ती मुंबईच्या बॅलार्ड पिअरपासून पेशावरपर्यंत जाई आणि तिच्यातून विलायतेहून बोटीने आलेले अधिकारी व टपाल उत्तरेकडे रवाना होई. फाळणीनंतर तिचा पल्ला फिरोजपूरपर्यंत मर्यादित झाला. चाळीसगावसारख्या गावाला अशा गाडीचे रोज रात्री दर्शन घडे, आणि गावातील घड्याळे तिच्यावर लावली जात, असे जुन्या पिढीचे लोक सांगत.

एकांतवासाच्या कथेमुळे मूस यांचे कलाकार म्हणून असलेले कर्तृत्व काहीसे झाकोळले गेले आहे. त्यांचा विशेष म्हणजे टेबल-टॉप छायाचित्रण. टेबलावर माती, वाळू, कापूस, काटक्या, भाज्या, फळांच्या साली अशा घरातल्याच वस्तू मांडून, प्रकाशयोजनेच्या बळावर ते बर्फाच्छादित शिखरे, वाळवंटे आणि रणभूमी यांची दृश्ये उभी करीत. छायाचित्र पाहणाऱ्याला ते देखावे खरेच वाटत. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने अशा रीतीने जगभरचे देखावे चार भिंतींच्या आत तयार केले. व्यक्तिचित्रे आणि स्थिरवस्तुचित्रे यांतही त्यांचा हातखंडा होता. देशोदेशींच्या स्पर्धांमध्ये त्यांच्या छायाचित्रांना शेकड्यांनी पारितोषिके मिळाली. ही छायाचित्रे अर्थातच टपालाने, म्हणजे बहुतेक रेल्वेनेच, जगभर जात. याखेरीज चित्रकला, मूर्तिकाम, लाकूडकाम, कागदाच्या घड्यांची कला आणि संगीत यांतही ते रमत. त्यांच्या बंगल्यात आता त्यांच्या कलाकृतींचे व संग्रहाचे जतन करण्यात आले असून ते पाहण्यासाठी कलेचे विद्यार्थी चाळीसगावला येतात.

== परिसरातील वारसास्थळे ==

'''पाटणादेवी.''' चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत पाटणे हे प्राचीन गाव आणि चंडिकेचे मंदिर आहे. येथील शिलालेखामुळे हे स्थळ गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. रेल्वे चाळीसगावला पोहोचल्यानंतर काही वर्षांतच डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. शके ११२८चा उल्लेख असलेला हा लेख भास्कराचार्य (दुसरे) यांचे नातू चांगदेव यांच्या मठासंबंधीचा आहे. यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी असलेल्या चांगदेवांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि आपल्या घराण्यातील इतर ग्रंथांच्या अध्यापनासाठी येथे मठ स्थापन केला आणि स्थानिक निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव यांनी त्याला दाने दिली. लेखात भास्कराचार्यांची वंशावळही दिली आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असून दानाचा तपशील देणाऱ्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, त्यामुळे मराठी भाषेच्या अभ्यासातही त्याला स्थान आहे. शिकविण्यासाठी ठरावीक ग्रंथ नेमून स्थापन झालेल्या गणित-ज्योतिषाच्या पाठशाळेचा असा समकालीन पुरावा दुर्मीळ आहे. गावाजवळ यादवकालीन महादेव मंदिरही आहे.

'''पितळखोरे.''' पाटण्याच्या वरच्या डोंगरात, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याच्या हद्दीत ही बौद्ध लेणी आहेत. त्यांचा आरंभ इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास झाला. येथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचा लेख कोरलेला आहे. शिल्पकाराचे नाव सांगणाऱ्या प्राचीन भारतीय मूर्ती फार थोड्या आहेत. ही मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लेणी ज्या खडकात खोदली तो ठिसूळ असल्याने त्यांचा बराच भाग ढासळला आहे. हा सगळा डोंगराळ प्रदेश गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो.

'''वाघळी.''' भुसावळच्या बाजूचे हे लगतचे स्थानक आहे. गावातील जुन्या मंदिरात शके ९९१ (इ.स. १०६९) मधील शिलालेख असून त्यात यादव राजा सेउणचंद्र आणि त्याचा मांडलिक, मौर्य वंशातील गोविंदराज यांची माहिती मिळते. आज येथे प्रवासी गाड्या मोजक्याच थांबतात.

चाळीसगाव शहरात पीर मुसा कादरी ऊर्फ बामोशी बाबा यांचा दर्गा आहे. त्याच्या उरुसात मानाच्या तलवारीची मिरवणूक निघते आणि हिंदू-मुस्लिम दोन्ही समाज त्यात सहभागी होतात.

== सद्यस्थिती ==

मुंबईहून उत्तर व पूर्व भारताकडे जाणाऱ्या वर्दळीच्या मार्गावर असल्याने स्थानकावरून दिवसरात्र प्रवासी व मालगाड्यांची ये-जा असते. त्यांपैकी बऱ्याच गाड्या येथे न थांबता जातात. थांबे वाढवून मिळावेत, ही तालुक्यातील प्रवाशांची जुनी मागणी आहे. मुख्य मार्गावरील ताण कमी करण्यासाठी मनमाड–जळगाव दरम्यान तिसरी मार्गिका टाकण्याचे काम हाती घेण्यात आले. १६० किलोमीटर लांबीच्या चौथ्या मार्गिकेस केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. चाळीसगाव आणि धुळे या दोन्ही स्थानकांचा समावेश अमृत भारत स्थानक योजनेत झाला. त्यांपैकी धुळ्याच्या पुनर्विकसित स्थानकाचे उद्घाटन २२ मे २०२५ रोजी झाले.

धुळे शाखेचे विद्युतीकरण झाल्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये चाळीसगाव–धुळे मेमू गाडी सुरू झाली. नोकरदार, विद्यार्थी आणि बाजारहाटासाठी जाणारे शेतकरी हे तिचे मुख्य प्रवासी होत. २०२३ मध्ये मुंबई–धुळे थेट एक्सप्रेस सुरू झाल्याने धुळेकरांना चाळीसगावला गाडी बदलण्याची किंवा डबा जोडला जाण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही.

याहून मोठा बदल मनमाड–इंदूर मार्गामुळे होणार आहे. धुळे–नरडाणा रेल्वेमार्गाची पायाभरणी १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळे येथे झाली. पुढे २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटर लांबीच्या मनमाड–इंदूर नव्या मार्गाला सुमारे १८,०३६ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. हा मार्ग मालेगाव, धुळे व नरडाणामार्गे मध्य प्रदेशात जाईल. तो पूर्ण झाल्यावर धुळे हे शाखेच्या टोकाचे स्थानक राहणार नाही आणि मुंबईकडून धुळ्याला जाणाऱ्या गाड्यांना मनमाडहून सरळ वाट मिळेल. अशा वेळी चाळीसगाव–धुळे शाखेवरील वाहतुकीचे स्वरूप काय राहील, हा प्रश्न शाखेवरील लहान गावांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भोरस, जामदा, राजमाने, शिरूड या गावांना जवळची बाजारपेठ म्हणून चाळीसगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे जोडणारा हा एकच लोहमार्ग आहे.